मलाच नीट येत नाही, मग मुलांना कसं शिकवू?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

संगणकशास्त्र शिकवू पाहणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांची आणि त्यांना हातभार लावू इच्छिणाऱ्यांची पत्रं या वेळी निवडली आहेत. ‘कुठली भाषा शिकू, कुठलं ॲप घेऊ’ असं बहुतेकांनी विचारलं आहे. आमच्या मते तो प्रश्न नंतरचा. मूल चुकलं तर ते नेमकं का चुकलं हे शिक्षकाला ओळखता येतं का, आणि ते येईपर्यंत शिक्षकाच्या सोबतीला कोण आहे, हे आधी बघायला हवं. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : पन्हाळा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला शिकवते. बी.ए., डी.एड. आणि एमएस-सीआयटी झालं आहे. आता मुलांना कोडिंग शिकवायचं आहे. पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे सगळं कळल्यासारखं वाटलं, पण शाळेत येऊन संगणक लावला तर हात चालेना. वय सत्तेचाळीस. मला जमेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : जमेल. अडचण वयाची नाही, शिकवण्याच्या रीतीची आहे. प्रशिक्षणात कुणीतरी पडद्यावर दाखवतं, ‘इथे क्लिक करा, हा ठोकळा ओढून तिथे लावा’ म्हणतं आणि चाळीस जण तसं करतात. कार्यक्रम (प्रोग्रॅम) चालतो, पण त्यातला एकही निर्णय आपला नसतो. मग कोरा पडदा समोर आला की हात थांबणारच.

एमएस-सीआयटीत तुम्ही संगणक वापरायला शिकलात. संगणकशास्त्राचा गाभा निराळा आहे : एखादं काम अशा पायऱ्यांत मांडायचं, की अर्थ न समजता नुसत्या पायऱ्या पाळणाऱ्या यंत्रालाही ते बिनचूक करता यावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगच्या कृती सुचवल्या आहेत, त्या याच विचारासाठी. हातच्याच्या वजाबाकीत मूल कुठे अडखळतं हे तुम्हाला वही न बघता सांगता येतं ना? तीच नजर इथे लागते आणि ती तुमच्याकडे आहे. फक्त नव्या विषयातल्या चुका ओळखीच्या व्हायला हव्यात.

बारा आठवडे, आठवड्याला तीन तास धरा. दोन तास एकटीने, एक तास शाळेतल्या किंवा शेजारच्या शाळेतल्या सोबतिणीबरोबर. हे छत्तीस तास झाले. धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. उरलेले चौदा तास वर्गाच्या तयारीला आणि गटाच्या बैठकांना ठेवा.

पहिले दोन आठवडे संगणकाला हातही लावू नका. वर्गातून नळापर्यंत जाण्याच्या सूचना कागदावर लिहा आणि दुसऱ्या कुणाला त्या अक्षरशः पाळायला सांगा. ‘दारातून बाहेर जा’ म्हटलं आणि दार बंद असलं, तर? सूचना आणि गृहीतक यांतला फरक इथेच कळतो. एसीएम इंडिया या संगणक क्षेत्रातल्या संस्थेचा सीएसपाठशाला हा उपक्रम २०१६ पासून संगणकाविना करायच्या अशाच कृती शाळांपर्यंत नेतो आहे. २००४ साली लिथुआनियात सुरू झालेल्या बेब्रास या संगणकीय विचारांच्या स्पर्धेची कोडीही हाताशी ठेवा. त्यांना आधीचं काही ज्ञान लागत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून कार्यक्रम बनवायची मुलांसाठीची भाषा, घ्या. मात्र लिहायला बसू नका, आधी वाचायला शिका. इंग्लंडमधल्या स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पाच पायऱ्यांची एक रीत मांडली. आपल्या शब्दांत ती अशी : अंदाज करा, चालवा, तपासा, बदला, बनवा. उदाहरणार्थ, एवढाच कार्यक्रम घ्या : ‘गुण’ शून्य करा, पाच वेळा गुण दोनने वाढवा, शेवटी गुण बोलून दाखवा. चालवण्याआधी उत्तर वहीत लिहा. दहा. चालवून बघा. आता गुण शून्य करणारा ठोकळा ‘पाच वेळा’च्या पोटात सरकवा. किती येईल? पुन्हा आधी लिहा, मग चालवा. दोन येतं, कारण प्रत्येक फेरीत आधीची कमाई पुसली जाते. चार-पाच ठोकळ्यांचा हा खेळ स्वतःच्या हाताने केलात तर अर्धा तास प्रात्यक्षिक बघण्यापेक्षा जास्त पदरात पडेल.

मुलांच्या चार चुका आधी मुद्दाम स्वतः करून बघा, म्हणजे वर्गात त्या अनोळखी वाटणार नाहीत.

पहिली त्रिकोणाची. भूमितीत समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा शिकवलेला असतो, म्हणून मुलं ‘तीन वेळा : पुढे जा, ६० अंश वळ’ असं लावतात आणि अर्धा षटकोन उमटतो. स्क्रॅचच्या पडद्यावरचं मांजर चालताना बाहेरच्या कोनाएवढं वळतं, म्हणून १२० हवेत. पुस्तकातला बाह्यकोन इथे पहिल्यांदा कामाला येतो. ही चूक घाईने दुरुस्त करू नका, मुलाला उठवून जमिनीवर त्रिकोण चालायला लावा. (रेघ उमटवणारं पेन डाव्या बाजूला खाली, विस्ताराच्या बटणात लपलेलं असतं. पहिल्या दिवशी अनेक शिक्षक इथेच अडतात.)

दुसरी चूक : ‘भिंतीला लागलास तर थांब’ ही अट मूल एकदाच लिहितं आणि मांजर खुशाल भिंतीतून जातं. मुलाच्या मनात ‘तर’ म्हणजे ‘जेव्हा केव्हा’. संगणक मात्र अट त्या क्षणी एकदा तपासतो आणि पुढे जातो. ती कायम चालणाऱ्या आवर्तनात (लूपमध्ये) घालावी लागते. मराठीतला ‘तर’ आणि यंत्राचा ‘तर’ यांत हा फरक आहे, एवढं फळ्यावर एकदा सांगितलंत तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

तिसरी : खेळ दुसऱ्यांदा चालवला की जुने गुण तसेच आणि मांजर पडद्याच्या कोपऱ्यात. सुरुवातीची स्थिती सांगायची राहिलेली असते. चौथी : लागोपाठ दोन ‘बोल’ ठोकळे लावले की पहिला संवाद दिसतच नाही. तो बोलला जातो, पण डोळ्याला पकडता येण्याआधी दुसरा त्याची जागा घेतो. ‘दोन सेकंद बोल’ लावला की सुटतं.

सातव्या आठवड्यात वर्गावर जा, सगळं येण्याची वाट बघू नका. एकच पाठ दोन वेगळ्या तुकड्यांवर, किंवा एकाच तुकडीच्या दोन अर्ध्या गटांवर, घ्या. दुसऱ्या खेपेला तुमचंच तुम्हाला जाणवेल की बोलणं कमी झालं आहे. सोबत एक चुकांची वही ठेवा : मुलाने काय केलं, त्याला काय वाटलं असावं, मी कोणता प्रश्न विचारला, मग काय झालं. बाराव्या आठवड्याअखेर या वहीत तीस नोंदी झाल्या, तर तुम्ही संगणकशास्त्राच्या शिक्षिका झालात असं आम्ही खुशाल म्हणू. प्रमाणपत्र असो वा नसो.

प्रश्न : आमच्या भुदरगड तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत संगणक पाच, मुलं चाळीस. त्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. एक जण काम करतो आणि सात जण मागून बघतात. काय करावं?

उत्तर : जोडतासिका मागून घ्या. पस्तीस मिनिटांच्या तासात संगणक चालू होईपर्यंतच निम्मा वेळ सरतो. सत्तर मिनिटं मिळाली की दहा-दहा मुलांचे चार गट करा आणि पंधरा मिनिटांनी जागा बदला. साठ मिनिटं झाली, शेवटची दहा फळ्यापाशी सगळे मिळून.

एक गट संगणकावर, प्रत्येक यंत्रावर दोघं. एकाच्या हातात माउस. दुसरा फक्त सांगणार, हात लावणार नाही. सात मिनिटांनी टाळी वाजली की अदलाबदल. टाळी शिक्षकानेच वाजवायची. मुलांवर सोडलं तर धीट मूल माउस सोडत नाही, आणि तिथे मुली मागे राहतात.

दुसरा गट पट्ट्या जुळवतो. चालणाऱ्या कार्यक्रमाच्या सहा-आठ ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहा, त्यांत एक-दोन चुकीच्या ओळी मिसळा आणि क्रम लावायला द्या. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली मांडलेली ही युक्ती आहे. टायपिंगची अडचण बाजूला राहते आणि विचार तेवढा दिसतो. तिसरा गट कागदावर तक्ता भरतो : प्रत्येक ओळीनंतर चलाची किंमत किती झाली. वीज गेली की संगणकाचा गट याच तक्त्यावर बसेल, म्हणून तक्त्याच्या दहा प्रती जास्तीच्या ठेवाच.

चौथ्या गटाला पत्ते द्या. एक बाजू रंगवलेले ३६ पुठ्ठ्याचे चौकोन पुरतात. मुलाने २५ पत्ते पाच ओळी-पाच स्तंभांत हवे तसे मांडायचे. मग तुम्ही प्रत्येक ओळीत आणि स्तंभात सहावा पत्ता असा लावता, की रंगीत पत्त्यांची संख्या सम होईल. कोपऱ्यातला धरून हे अकरा पत्ते होतात. तुम्ही पाठ फिरवली की मुलाने कुठलाही एक पत्ता उलटवायचा. विषम झालेली ओळ आणि विषम झालेला स्तंभ जिथे छेदतात, तो पत्ता! संगणक साठवलेल्या माहितीतली चूक अशाच जादा खुणांवरून पकडतो. हुशार मुलं लगेच विचारतात, ‘दोन उलटवले तर?’ गडबड झाली एवढं कळतं, नेमके कुठले ते खात्रीने सांगता येत नाही. आणि आयताच्या चार कोपऱ्यांवरचे चार उलटवले तर काहीच कळत नाही. हे तुम्ही सांगू नका, त्यांना शोधू द्या.

कोल्हापुरातल्या मुलांना आणखी एक कोडं जवळचं वाटेल. बाद पद्धतीच्या कुस्त्यांत १६ मल्ल आहेत. विजेता ठरायला किती कुस्त्या? प्रत्येक कुस्तीत एक बाद होतो आणि पंधरांना बाद व्हायचं आहे, म्हणून पंधरा. यादीतली सर्वात मोठी संख्या शोधताना संगणकालाही एवढ्याच तुलना लागतात. पण अंतिम फेरीत हरलेला मल्ल दुसऱ्या क्रमांकाचा असेलच का? नाही. तोलामोलाचा मल्ल पहिल्याच फेरीत विजेत्याशी पडून बाद झालेला असू शकतो. दुसरा शोधायचा तर विजेत्याकडून थेट हरलेल्या चौघांतच शोधायचा, त्याला आणखी तीन कुस्त्या पुरतात. एकूण अठरा. (जास्त बळाचा मल्ल दरवेळी जिंकतो हे इथे गृहीत आहे. मैदानात तसं नसतं, हेही मुलं ऐकवतील.) या एका कोड्यावर अख्खी तासिका रंगते आणि वीज लागत नाही.

प्रश्न : इचलकरंजीत नववीला गणित शिकवतो. पायथन या संगणकभाषेत मुलांना पूरपातळीचा कार्यक्रम दिला. काहींचा ‘धोका’ कधी छापलाच जात नाही, काहींची बेरीज भलतीच येते. मी दुरुस्त करून देतो, पण पुन्हा तेच होतं.

उत्तर : उदाहरण उत्तम निवडलंत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडच्या मुलांना पावसाळ्यात पाढ्यासारखं पाठ असतं.

‘धोका’ न छापला जाण्याचं कारण बहुधा अटींचा क्रम. मूल नदी चढते त्या क्रमाने लिहितं : आधी ‘इफ’ (जर) ३९ किंवा जास्त, मग ‘एलिफ’ (नाहीतर जर) ४३ किंवा जास्त. पाणी ४५ फुटांवर असलं तरी पहिलीच अट खरी ठरते आणि ‘एलिफ’कडे संगणक बघतही नाही. ४३ ची अट वर हवी. तुम्ही ओळी उलट करून दिल्यात तर कार्यक्रम सुधारतो, मुलाची समजूत तशीच राहते. त्याऐवजी चूक तशीच फळ्यावर ठेवा आणि विचारा : पाणी ४५ फूट असताना काय छापेल? प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवून बोटांनी दाखवायचं, एक बोट ‘इशारा’, दोन बोटं ‘धोका’, तीन बोटं दोन्ही. उत्तरं विखुरलेली असली तर दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि पुन्हा बोटं मागा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी ही रीत रुजवली. साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांचं उत्तर बरोबर असतं तेव्हा ती सर्वात फळते. त्याहून कमी असेल तर आधी पुन्हा शिकवा, जास्त असेल तर पुढे चला.

तपासणीसाठी ३८, ३९, ४२, ४३ आणि ४४ या पाच किमती सक्तीच्या करा. चूक सीमेवरच लपते. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘जास्त किंवा समान’ यांतला गोंधळ ३९ आणि ४३ वरच उघडा पडतो.

आणि एक सापळा. पातळी बातम्यांत फूट-इंचांत सांगतात. ३८ फूट ११ इंच हे मुलं ३८.११ असं लिहितात. खरं ते सुमारे ३८.९२ फूट आहे, म्हणजे इशाऱ्याला फक्त एक इंच बाकी. त्याहून फसवं म्हणजे ४२ फूट १० इंच ४२.१० लिहिलं की ते ४२.९ पेक्षा लहान ठरतं, पाणी इंचभर जास्त असूनही! उपाय सोपा : सगळं इंचांत बदला. इशारा ४६८ इंच, धोका ५१६ इंच. गणिताच्या शिक्षकाने तर यावर एक पूर्ण तास द्यावा.

बेरीज भलती येते, कारण ‘इनपुट’ने घेतलेली गोष्ट संगणकाला संख्या नसते, मजकूर असतो. ५ आणि ७ ची बेरीज ५७ आली की ओळखा. ‘इंट’ लावून ती संख्या करावी लागते. इथे मराठी कीबोर्डवाल्यांना एक गंमत दिसेल : वापरणाऱ्याने देवनागरी १२ भरले तर ‘इंट’ ते बिनतक्रार ओळखतं, पण कार्यक्रमाच्या ओळीतच देवनागरी १२ लिहिले तर चूक दाखवतं. तसंच ‘कोल्हापूर’ या शब्दाची लांबी पायथनला विचारलीत तर ९ येईल. मुलं म्हणतील, अक्षरं चारच आहेत. संगणक ओकार, पाय मोडल्याची खूण, काना आणि ऊकार हे सगळं स्वतंत्र मोजतो. मराठीच्या बाईंना या तासाला बोलवा.

थॉनी हा संपादक, म्हणजे पायथन लिहायचा सॉफ्टवेअर, वापरून बघा. एस्टोनियाच्या टार्टू विद्यापीठात तो नवशिक्यांसाठीच तयार झाला. त्यात कार्यक्रम एकेक पाऊल चालवता येतो आणि चलांच्या किमती शेजारी बदलताना दिसतात.

प्रश्न : केंद्रप्रमुख आहे. केंद्रात अकरा शाळा. एका तंत्रस्नेही शिक्षकाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडून बाकीच्यांना शिकवून घ्यावं, असा विचार आहे. योग्य आहे का?

उत्तर : एवढंच केलंत तर नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना साधनं पोचतात, कारणं गळतात. तिसऱ्या हातापर्यंत उरतात फक्त स्लाइड. शिवाय तंत्रस्नेही शिक्षक बहुधा भराभर करून दाखवणारा असतो. बाकीचे ‘तुम्हीच करा सर’ म्हणतात, आणि तो पुढे केंद्राचा दुरुस्तीवाला होऊन बसतो.

सहा ते आठ शिक्षकांचा गट करा आणि दर पंधरा दिवसांनी नव्वद मिनिटं बसा. महिन्याच्या शिक्षण परिषदेला हे जोडलंत तरी चालेल, पण मधली एक बैठक वेगळी हवीच, महिनाभरात विसर पडतो. पहिली पंधरा मिनिटं एका शिक्षकाने मागच्या पाठाबद्दल सांगायचं, पाच मुलांच्या वह्या समोर ठेवून. पुढची पंचवीस मिनिटं सगळ्यांनी पुढचा पाठ विद्यार्थी होऊन करायचा. वीस मिनिटं मुलं कुठे चुकतील आणि तेव्हा काय विचारायचं, याची यादी. वीस मिनिटं पट्ट्या, पत्ते, तक्ते बनवायला. दहा मिनिटांत कोण कुणाच्या वर्गावर बसणार हे ठरवा. यादीच्या त्या वीस मिनिटांना कात्री लावायचा मोह होईल. लावू नका, बैठक त्यासाठीच आहे.

वर्गावर बसणाऱ्याने शिक्षकाकडे बघायचंच नाही. दोन मुलांशेजारी बसून ती काय बोलतात ते लिहायचं. आणि या नोंदी शाळा तपासणीच्या कागदात जाणार नाहीत, हे तुम्ही स्वतः पहिल्या बैठकीत सांगा. तुमच्या पदामुळे ते दुसऱ्या कुणी सांगून पटणार नाही. न येणाऱ्या गोष्टी शिक्षक मोकळेपणी बोलू लागले, की गट चालला.

व्हॉट्सॲप गटाला एकच नियम पुरे : प्रश्न विचारताना पडद्याचा फोटो, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, ही तिन्ही हवीत. ‘चालत नाही’ एवढ्यावर कुणी मदत करू शकत नाही. हाच नियम पुढे शिक्षक वर्गात मुलांना लावतात, आणि निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात.

प्रश्न : शिकवताना शब्द मराठी वापरावेत की इंग्रजी?

उत्तर : कल्पना मराठीतून, नावं दोन्ही. आवर्तन म्हणा, लूपही म्हणा. पुढे पडद्यावर लूपच भेटणार आहे. जपायचं ‘चल’ या शब्दाला. गणितात ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ अशक्य आहे, पायथनमध्ये ती रोजची ओळ. मुलांचा गोंधळ भाषेचा नसतो, ‘बरोबर’च्या चिन्हाचा असतो. ते चिन्ह ‘बरोबर’ असं वाचूच नका, ‘मध्ये ठेव’ असं वाचा : ‘क्ष मध्ये क्ष अधिक एक ठेव.’ समान आहे का हे विचारायला दुहेरी चिन्ह असतं, ते ‘सारखं आहे का?’ असं वाचा.

स्वतः शिकायला मराठी हवी असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक विषयांचे दहाएक मिनिटांचे पाठ मराठी आवाजात मिळतात. व्हिडिओ अर्ध्या पडद्यावर, काम अर्ध्या पडद्यावर, आणि प्रत्येक कृतीला व्हिडिओ थांबवायचा. सलग बघून काही येत नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअर क्षेत्रातून निवृत्त होऊन राजारामपुरीत राहतो. जवळच्या शाळेत जाऊन शिकवायची इच्छा आहे.

उत्तर : स्वागत आहे. पण मुलांना शिकवू नका, शिक्षकाला सोबत द्या. तुम्ही वर्ग घेतलात तर तुम्ही आजारी पडाल त्या दिवशी विषयही बंद पडेल. एकच शाळा, निदान एक शैक्षणिक वर्ष. पाठाच्या आदल्या दिवशी तासभर बाईंबरोबर तयारी करा आणि माउस त्यांच्याच हातात असू द्या. चूक दिसली तरी मनात दहापर्यंत मोजा, बहुतेकदा ती त्यांनाच सापडते. वर्गात मागे बसा. शिक्षिका अडली आणि मुलांनी तुमच्याकडे बघितलं, तर ‘बाई कसं शोधतात ते बघू या’ म्हणा. मुलांसमोर त्यांना दुरुस्त केलंत तर पुढचे सहा महिने त्या प्रश्न विचारणार नाहीत. तुमच्या अनुभवातल्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा, चूक शोधताना तुम्ही काय क्रमाने तपासता हे त्यांना जास्त उपयोगी पडेल. ते मोठ्याने बोलत करा.

प्रश्न : डी.एल.एड.ची विद्यार्थिनी आहे. इतर ठिकाणी शिक्षकांना कशी मदत मिळाली, याची उदाहरणं द्याल का?

उत्तर : दोन बघा. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांना संगणकशास्त्र लागू केलं. ज्यांच्यावर ते आलं त्यांतले पुष्कळ शिक्षक तोवर वर्ड, एक्सेल शिकवत होते. २००८ पासून ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’ नावाचं शिक्षकांचं जाळं गावोगावच्या बैठकांतून एकमेकांना सावरत होतं, पण तेवढं पुरलं नाही. २०१७ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या अहवालाने शिक्षकांची तयारी अपुरी असल्याचं नोंदवलं आणि २०१८ साली ८ कोटी ४० लाख पौंडांच्या निधीतून संगणकशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. अभ्यासक्रम आधी आला, आधार चार वर्षांनी. केरळने २००१ साली सुरू केलेल्या आयटी@स्कूल प्रकल्पात शाळांतल्या शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडवले, शाळेत एक शिक्षक समन्वयक नेमला आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरलं. २०१८ पासून तिथे ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी गटांचीही शाळेला मदत होते. आपल्या जिल्ह्याला केरळची वाट जवळची, असं आमचं मत आहे.

प्रश्न : गगनबावड्याजवळच्या शाळेत जुने संगणक आहेत, विंडोज ७ चे. शिक्षक तयार आहेत, पण यंत्रं साथ देत नाहीत. नवे घ्यावेच लागतील का?

उत्तर : लगेच नाही. सध्याच्या स्क्रॅच ॲपला विंडोज १० किंवा पुढचं लागतं. जुन्या यंत्रावर स्क्रॅच १.४ टाका. त्यात आवर्तन, अटी, चल आणि पेन सगळं आहे. स्वतःचे ठोकळे बनवण्याची सोय तेवढी नाही. त्यातलं काम नव्या स्क्रॅचमध्ये उघडतं, उलट होत नाही, म्हणून गटात देवघेव करताना आधी ठरवून घ्या. पायथनची ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. दोन्ही फाइली एका पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो पेनड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या कपाटात असू द्या.

प्रत्येक वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागली, तर आधी घड्याळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नाण्यासारखा सेल संपला आहे. तो बदलायला पाच मिनिटं लागतात. चालू करताना नुसतेच बीप येत असतील, तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबा. तुमच्या भागातल्या पावसाळ्यात दमटपणाने हे वारंवार होतं. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी सगळी यंत्रं अर्धा-अर्धा तास चालू ठेवा, सुट्टी असली तरी. त्या अर्ध्या तासात शिक्षकांनी आपला सराव उरकला, तर वेगळा वेळही काढावा लागणार नाही.